गुरुवारी आलेली कबुतरं

आमच्या गल्लीत लांबच्या गावाचं अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नसे, मीटरमध्ये सांगत, कारण कबुतरांच्या शर्यतीत वेग मिनिटाला किती मीटर असाच मोजतात. स्पेनमधल्या पॅम्प्लोना शहरापासून बेल्जियमच्या कोर्तरैकमधल्या आमच्या कबुतरांच्या माळ्याच्या खिडकीपर्यंत नऊ लाख सदुसष्ट हजार तीनशे बारा मीटर. शेजारच्या ओदिएलच्या खिडकीपर्यंत त्याहून अकरा मीटर कमी. या अकरा मीटरवरून माझे सासरे आणि ओदिएल एकदा वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते. तिकडून सकाळी सहाला सोडलेलं चांगलं कबूतर, वारा बरा असेल तर, संध्याकाळी साडेसातला घरी येतं. साडेतेरा तास. मी लग्न करून आले आणि पहिल्याच आठवड्यात हे आकडे मला पाठ झाले, कारण जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नव्हता.

सासऱ्यांचं नाव सिरिएल, मी नवऱ्यासारखंच त्यांना पा म्हणायची. लिननच्या गिरणीत चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेला, बायको गेलेला माणूस. माणसांशी दोन शब्द बोलायचे झाले तर जिवावर येई, पण माळ्यावर जाऊन कबुतरांशी तासभर बोलत. माझा नवरा विल्फ्रीड त्यांचा एकुलता एक. तो उन्हाळाभर कबुतरांच्या ट्रकवर रखवालदार म्हणून जायचा. ट्रक चालवणारा वेगळा, विल्फ्रीड मागे टोपल्यांमध्ये. कबुतरांना पाणी पाजायचं, रात्री तिथल्याच फळीवर झोपायचं आणि ठरलेल्या सकाळी टोपल्या उघडून सगळ्यांना एकदम सोडायचं. प्रत्येक टोपलीला शिशाचं सील असे. ते सोडण्याच्या क्षणापर्यंत तुटता कामा नये. वेळेआधी सील तोडणारा रखवालदार म्हणजे आमच्याकडे चोरच, आणि ज्याचं कबूतर वेळेआधी घरी आलं तोही चोरच.

गल्लीतल्या आल्फोन्सचं तसंच झालं होतं. या गोष्टीच्या चार वर्षं आधी त्याचं कबूतर कुणाच्याही कल्पनेपेक्षा लवकर आलं आणि मग उघडकीला आलं की ते ट्रकमध्ये चढलंच नव्हतं. आल्फोन्सला क्लबातून कायमचं काढून टाकलं. त्याहून वाईट म्हणजे कामिएलच्या कॅफेत त्याच्या टेबलावर कुणी बसेना. बेकरीत त्याच्या बायकोला पाव मिळे, पण 'कशी आहेस' कुणी विचारीना. वर्षभरात ती दोघं घर विकून ब्रुजकडे गेली. आमच्या गल्लीत माणसं बायकोला मारणाऱ्याला माफ करत, दारुड्याला माफ करत. आल्फोन्सला केलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये पॅम्प्लोनाच्या शर्यतीसाठी ट्रक बुधवारी संध्याकाळी आठला निघाला. रात्रभर प्रवास, कारण गाडी उन्हात तापली की पक्षी गळून जातात. गुरुवारी संध्याकाळी पॅम्प्लोना, रात्री मुक्काम, शुक्रवारी पहाटे सोडायची. आमच्या गल्लीची टोपली शेवटी चढली, म्हणून मागच्या दाराशी, विल्फ्रीडच्या फळीला लागूनच आली. सात घरांची बावीस कबुतरं होती तिच्यात.

"पा, शुक्रवारी जेवायला थांबू नका," विल्फ्रीड म्हणाला. "तुमची निळी मादी आली की दोघं मिळून जेवा."

"तू पाणी नीट पाज," पा म्हणाले. "मागच्या वेळी अर्धी तहानलेली सोडलीस. मला काय कळत नाही होय?"

"तुम्हाला सगळंच कळतं."

त्याने माझ्या गालाचा मुका घेतला, कॉफीचा थर्मास काखेत मारला आणि गेला. रागवायचं असं काही त्यात नव्हतं, पण बापाशी शेवटचं बोलणं पाण्यावरून झालं याचा मला आजही राग येतो.

गुरुवारी सकाळपासून उकडत होतं. मी मागच्या अंगणात शिवणाचं मशीन आणून बसले होते. दुपारी माळ्यावरून दाण्यांचा डबा खुळखुळला. कबूतर बाहेरून आलं की त्याला आत घ्यायला तो डबा वाजवतात. मी वर पाहिलं. आमची एकही मादी बाहेर नव्हती, नर आत बंद होते. आभाळ रिकामं होतं.

"कोण आलंय, पा?" मी खालून विचारलं.

डबा थांबला. मग खिडकीत त्यांचं डोकं दिसलं. "कुणाचं तरी चुकलेलं. हाकललं."

डबा वाजवून हाकलतात का, असं माझ्या मनात आलं. पण कापड सुईखाली अडकलं होतं, तिकडे लक्ष गेलं.

जेवताना पा बोलले नाहीत. ते नेहमीचंच. पण बटाटेही खाल्ले नाहीत, ते नेहमीचं नव्हतं. काटा घेऊन एक बटाटा बशीभर फिरवत बसले. बाहेर ओदिएलच्या अंगणात खुर्ची ओढल्याचा आवाज आला तसे दचकले. गल्लीत एरवी या वेळी भिंतीवरून गप्पा चालतात. उद्याचा वारा कसा, कुणाची मादी अंड्यावर आहे. त्या दिवशी एक शब्द नाही. सगळे घरात होते आणि सगळे गप्प होते. मला ते आवडलं नाही, पण का ते सांगता आलं नसतं.

दीडच्या सुमाराला मी संध्याकाळसाठी कांदे आणायला तळघरात उतरले. कोपऱ्यात सशाचा जुना पिंजरा आहे, रिकामाच असतो. त्यावर कोळशाचं पोतं टाकलेलं. पोत्याखालून पंख फडफडल्याचा आवाज आला. मी पोतं उचललं. पांची निळी मादी होती, आणि तिच्या पायात शर्यतीचं रबरी कडं होतं.

जी मादी त्या वेळी ट्रकमध्ये, फ्रान्सच्या दक्षिणेला कुठेतरी असायला हवी होती, ती आमच्या तळघरात दाणे टिपत होती. मी वळून पाहिलं. मागे पायऱ्यांवर पा उभे होते.

"खाली ये आणि दार लाव," ते म्हणाले. मी तर खालीच होते.

"ही कधी आली?"

"बारा पस्तीस." वेळ सांगताना त्यांचा आवाज जरा सरळ झाला. मग पुन्हा पडला. "पाणी पाजताना निसटली असेल. पोराच्या हातून टोपलीचं पाण्याचं छोटं झाकण उघडं राहिलं असेल. होतं असं."

"मग कामिएलला सांगा. तो क्लबाचा सेक्रेटरी आहे. लिहून ठेवेल."

"काय लिहील? सील लावलेल्या टोपलीतून सिरिएलचंच कबूतर बाहेर आलं, आणि रखवालदार सिरिएलचाच मुलगा? लुत्गार्द, तू आल्फोन्सच्या बायकोला शेवटचं कधी भेटलीस?"

मी तिला भेटलेच नव्हते. बेकरीत ती दिसली की मी पावांच्या फळीकडे बघत बसायची.

"शुक्रवारी सगळ्यांची आली की हिला हळूच वर सोडतो," पा म्हणाले. "रात्र पडल्यावर आली म्हणू. शर्यतीतून बाद झाली तर झाली. विल्फ्रीडचं नाव राहील."

इथे माझं मला सांगायलाच हवं. मी पोतं परत पिंजऱ्यावर टाकलं. नीट, चारी बाजूंनी खोचून. कांदे घेऊन वर आले आणि पांना म्हटलं, "तोपर्यंत तिला दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवा, इथे हवा नाही." दोघांनी मिळून मूग गिळले. मला वाटलं, मी नवऱ्याची अब्रू राखते आहे.

पण चैन पडेना. निसटली असेल तर कुठून? पाणी पहाटे पाजतात हे मला ठाऊक होतं. पहाटे निसटली तर बारा पस्तीसला येणं जमतं. तेवढ्यावर मी मनाची समजूत घातली. मशीन चालवत राहिले. तीन वाजले, चार वाजले. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. गल्ली तशीच मुकी होती.

पाचला ओदिएलच्या बायकोचा, इव्होनचा, शिवलेला झगा द्यायला तिच्या मागच्या दाराने गेले. इव्होन एरवी मला हाताला धरून आत नेते. त्या दिवशी ती धुण्याच्या खोलीच्या दारात हात पसरून उभी राहिली.

"दे इकडे. घालून मग बघते."

"लांबी बघून घे की. खाली जास्त वाटतेय."

"मग बघते म्हटलं ना."

तिच्या मागे, बंद दाराआड, काहीतरी घुमलं. कबुतराचा तो आवाज ओळखायला मला कान देऊन ऐकावं लागत नाही. इव्होनचा चेहरा बघितला आणि मला माझाच चेहरा दिसला. गेले साडेतीन तास मीही तशीच बसले होते, दाराला पाठ लावून.

"इव्होन," मी म्हटलं, "रबरी कडं आहे का पायात?"

"कसलं कडं? ओदिएलने दुसरीकडून नवीन मादी..."

"आमची बारा पस्तीसला आली."

ती दाराशी पालथ्या घातलेल्या धुण्याच्या टबावर बसली. "तो म्हणाला, बोललीस तर तुला घराबाहेर काढीन. म्हणाला, सिरिएलने पोराला आपल्या दोघांचा पक्षी बाहेर काढायला लावलं असणार, आपल्याला गुंतवायला."

एक कबूतर निसटू शकतं. पाण्याच्या वेळी, झाकणातून, एखादं. दोन घरची दोन निसटत नाहीत. दोन निसटतात तेव्हा टोपली उघडी असते, आणि विल्फ्रीडच्या फळीला लागलेली ती टोपली विल्फ्रीड जिवंत आणि धड असताना उघडी राहत नाही. मी झगा तिथेच टाकला आणि कामिएलच्या कॅफेकडे निघाले. पळत नाही. पळाले तर खरं होईल असं वाटत होतं.

कॅफेत गल्लीतले सगळे होते. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी असतातच. पण पत्ते तसेच पडलेले, बिअरचा फेस विरलेला, प्रत्येकजण खिडकीतून आभाळाकडे बघतोय आणि बघत नाही असं दाखवतोय. पा कोपऱ्यात होते. मला बघून उठायला लागले.

"तुमच्यापैकी किती जणांकडे आज कबूतर आलंय?" मी विचारलं.

कामिएल काउंटरमागे ग्लास पुसत होता, तो म्हणाला, "आज? आज कसं येईल? उन्हाने डोकं फिरलं का तुझं?"

"आमच्याकडे आलंय. बारा पस्तीसला. तळघरात सशाच्या पिंजऱ्यात आहे, कोळशाच्या पोत्याखाली. आता बोला."

"लुत्गार्द," पा म्हणाले. "घरी चल."

"नाही येत. ओदिएल, तुमचं धुण्याच्या खोलीत आहे. इव्होनला रागवायचं असेल तर नंतर रागवा."

ओदिएलने मान खाली घातली. वाटलं, आता हा बोलणार नाही. पण माझं बारा पस्तीस त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. "बारा एकतीस," तो म्हणाला.

मग एकेक तोंड उघडलं. "बारा चव्वेचाळीस. माळ्यावरच आहे, डोळ्यावर फडकं बांधून." "एक वाजून तीन मिनिटं. बादलीखाली." "माझी दोन आहेत. एक दहा आणि एक बावीस. देवाशपथ, मला वाटलं फक्त माझीच." सात घरांत मिळून नऊ कबुतरं. नऊही लपवलेली, आणि एकालाही वेळ बघायचा राहून गेलेला नाही. प्रत्येकाने मिनिटासकट सांगितली. दुपारी साडेबारापासून संध्याकाळी पाचपर्यंत त्या गल्लीत नऊ निरोप येऊन पडले होते, आणि सात घरांनी ते पोत्याखाली, बादलीखाली, फडक्याखाली दडवले होते.

"वेड लागलंय तुम्हाला सगळ्यांना," कामिएल म्हणाला. त्याने ग्लास खाली ठेवला आणि अंतरांची वही काढली. भिंतीवर फ्रान्सचा मोठा नकाशा होता. "पहिलं बारा एकतीस. अंधारात पक्षी उठत नाही. सहाच्या आधी उठलं नसणार. वारा कसा होता?"

"नैर्ऋत्येचा. हलका." हे तीन-चार जण एकदम म्हणाले.

"मिनिटाला बाराशे मीटर धरतो. साडेसहा तास, तीनशे नव्वद मिनिटं." तो पेन्सिलीने लिहीत होता आणि ओठ हलवत होता. "चार लाख अडुसष्ट हजार."

त्याने नकाशाच्या मापाने तेवढ्या अंतरावर दोऱ्याला गाठ मारली, एक टोक कोर्तरैकवर टाचणीने खोचलं आणि दुसरं खाली फिरवलं. दोरा शेतं, नद्या, गावं ओलांडत गेला आणि पॉइतिए शहराकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला आडवा लागला, पॉइतिएच्या साठेक किलोमीटर अलीकडे. त्या ठिकाणी कामिएलने बोट ठेवलं. माझा नवरा पहाटेपासून त्या बोटाखाली होता आणि मी दुपारभर झगा शिवत होते.

कामिएलचं फ्रेंच बरं होतं. साडेपाचला पॉइतिएच्या पोलिसांना फोन लागला. तिकडच्या माणसाला आधी काही कळेना. कुठून बोलताय? बेल्जियम. अपघात तुम्ही पाहिला का? नाही. मग कुणी सांगितलं? कामिएल फोनवर हात ठेवून आमच्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "कबुतरांनी." तिकडे कुणीतरी हसलं. कामिएल ओरडला नाही. त्याने फक्त रस्ता सांगितला, अंतर सांगितलं, ट्रकचा नंबर सांगितला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं.

मग वाट बघणं. कॅफेतून कुणी घरी गेलं नाही. पा माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. कुणीतरी माझ्यासमोर कॉफी ठेवली. मला त्या सगळ्यांचा इतका संताप आला होता की कप भिंतीवर फोडावासा वाटला, आणि त्याच वेळी तळघरात पोतं खोचणारे माझे हात मला दिसत होते.

सात दहाला फोन वाजला.

रस्त्याच्या वळणाखाली दगडाची जुनी, बंद पडलेली खाण होती. ट्रक तिच्यात गेला होता आणि वर काटेरी झुडपं पुन्हा मिटली होती. दिवसभर वरून शेकडो गाड्या गेल्या, कुणाला दिसला नाही. चालक जागच्या जागी गेला होता. विल्फ्रीड मागे होता, कमरेपासून खाली टोपल्यांच्या आणि लोखंडी चौकटीच्या ओझ्याखाली. डॉक्टर म्हणाले, जाऊन दोन-अडीच तास झाले असतील. साडेचार, पावणेपाच. अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं.

पोलीस आणखी एक गोष्ट सांगत होता, त्याला तिचं नवल वाटत होतं. टोपल्या बहुतेक शाबूत होत्या, पक्षी आतच होते, सीलं लागलेली होती. फक्त एक टोपली उघडी होती, मृताच्या हाताजवळची. अपघातात फुटलेली नव्हती. तिचं सील चाकूने कापलेलं होतं, स्वच्छ, आणि झाकण मागे करून टोपलीचं तोंड ट्रकच्या फाटलेल्या पत्र्याकडे वळवलेलं होतं.

कामिएलने हे आम्हाला फ्लेमिशमध्ये, आमच्या भाषेत, सांगितलं. पहाटेच्या त्या उजेडात, पाय चिरडलेले असताना, त्याने जन्मात न केलेली गोष्ट केली होती. सील तोडलं होतं. स्वतःच्या गल्लीचे बावीस पक्षी सोडले होते, कारण एक दिवस आधी पक्षी घरी आला तर काय समजायचं हे आमच्याइतकं जगात कुणाला कळणार, असं त्याला वाटलं होतं.

शनिवारी त्याला घरी आणलं. त्याच्याबरोबर एक पाकीट आलं. त्यात घड्याळ, चाकू आणि सोडण्याचा कागद होता. प्रत्येक शर्यतीला रखवालदार तो भरतो. वरचे रकाने त्याने नेहमीच्या टापटिपीने भरले होते. जागा: पॉइतिएच्या उत्तरेला, नाव माहीत नाही. सोडण्याची वेळ: सहा वाजून दोन मिनिटं. वारा: नैर्ऋत्य, हलका. कोर्तरैकला अपेक्षित: साडेबारा. त्याखाली रेघ मारली होती आणि रेघेखाली, वाट बघताना अर्ध्या अर्ध्या तासाने टिपलेल्या, फक्त वेळा होत्या. एक. दीड. दोन. अडीच. तीन. अक्षर खाली खाली तिरकं होत गेलेलं. साडेतीन अर्धाच लिहिलेला.

पांनी कागद मागितला. चष्मा लावून त्यांनी तो खूप वेळ वाचला.

"आपली बारा पस्तीसला आली," ते म्हणाले. "पाच मिनिटांचाच फरक पडला त्याचा."

मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. मला दीडचा आकडा बघायचा होता. दीड वाजता मी तळघरात पिंजऱ्यासमोर उभी होते. तो आकडा त्याने अजून अगदी सरळ लिहिला होता.